सांगलीत बेस गिटार शिकताना

मी पाहिलेल्या सांगली-मिरजेच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बेस गिटारसाठी स्वतंत्र वादक ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती. खालच्या स्वरांचे काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे असे. उजव्या हाताने तो व्हायोलिन, बासरी आणि ॲकॉर्डियनचे तुकडे वाजवी आणि डाव्या हाताने गाणे खालून धरून ठेवी. बारावीनंतर मी अशाच एका ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवायला लागलो. काही महिन्यांनी तिथल्या कीबोर्डवादकांनी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, मालकांपुढे स्पष्ट मागणी ठेवली की सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी मूळ ध्वनिमुद्रिकेसारखी ऐकवायची असतील, तर त्यांचा डावा हात मोकळा झाला पाहिजे. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. एका तालमीनंतर त्यांनी मला थांबवून घेतले आणि म्हणाले, “तुझी लय पक्की आहे. आता तू खालचं धर, वरचं मामा बघतील.” माझ्या बेसवादनाची सुरुवात इथून झाली.

पुढे या वाद्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की रिकामी जागा भरण्यासाठी बेसकडे वळलेले वादक जगभर सापडतात. बीटल्सचा पहिला बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये चित्रकला शिकण्यासाठी हॅम्बुर्गमध्येच राहिला, म्हणून तोवर गिटार आणि पियानो वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने ते काम अंगावर घेतले आणि त्याच शहरात व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस गिटार विकत घेतली. अमेरिकेत कॅरल के ही गिटारवादक १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला गेली असता ठरलेला बेसवादक आलाच नाही, म्हणून तिच्या हातात बेस देण्यात आली, आणि पुढची अनेक वर्षे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये ती याच वाद्यासाठी बोलावली गेली. या दोघांनीही आधी गिटार वाजवली होती आणि गाण्याची बांधणी त्यांना आतून ठाऊक होती; माझ्या मते त्यांच्या बेसमध्ये जी सुरावट आढळते तिचे कारण हेच असावे.

वाद्य मिळवणे सोपे नव्हते. माझे वडील मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीत दिवाणजी होते आणि हळदीचे सौदे जोरात सुरू असत तेव्हा त्यांना घरी यायला रात्र व्हायची. घरात संगीताला कोणाचा विरोध नव्हता, मात्र त्यासाठी वेगळा पैसा काढण्याची सवयही नव्हती. अखेर अण्णांनी निम्मी रक्कम घातली, निम्मी मी माझ्या मानधनातून फेडायची असे ठरले, आणि कोल्हापूरच्या एका वादकाकडून चार तारांची जुनी बेस गिटार आमच्याकडे आली. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसच्या धर्तीवरच ती बनवलेली होती. त्या नमुन्याने ठरवून दिलेली ३४ इंचांची तारेची लांबी आजही बहुतेक बेस गिटारींमध्ये कायम आहे. साध्या गिटारीची तार साधारण २५ इंचांची असते. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डाव्या हाताच्या बोटांना तो पहिल्याच दिवशी कळतो, कारण खालच्या बाजूचे पडदे, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या तारा, इतके लांब लांब असतात की करंगळी आणि तर्जनी यांच्यामध्ये चार पडद्यांचे अंतर ताणून ठेवणे ही स्वतंत्र साधना होऊन बसते.

उजव्या हाताची गोष्ट वेगळी होती. रिदम गिटार वाजवताना प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पातळ तुकड्याने, सगळ्या तारा एकदम छेडायची सवय होती. इथे तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने चालवायचे, दोन्ही बोटांचा आघात सारखा पडला पाहिजे आणि जी तार वाजत नाही ती हाताने दाबून गप्प ठेवली पाहिजे. बेस शिकवणारे कोणी गावात मला सापडले नाही, त्यामुळे तार थांबवण्याची ही कला मी उशिरा आणि कान लावून शिकलो. खालचा स्वर एकदा छेडला की तो बराच वेळ टिकतो, आणि पुढचा स्वर आला तरी मागचा तसाच रेंगाळत राहिला तर दोन्ही मिळून नुसता घुमारा तयार होतो. स्वर किती लांब ठेवायचा आणि नेमका कुठे कापायचा, यावर गाण्याची चाल निम्मी अवलंबून असते, असे मी आज कोणत्याही नवशिक्याला सर्वांत आधी सांगतो.

मामा हे माझे खरे शिक्षक. ते बेस वाजवत नव्हते, पण इतकी वर्षे डाव्या हाताने त्याच जागा सांभाळल्यामुळे कोणत्या गाण्यात खाली काय चालते हे त्यांना पाठ होते. ते मला कॅसेट देत आणि सांगत की गायकाकडे लक्ष देऊ नकोस, तबला आणि त्याच्या खालचा आवाज एवढेच ऐक. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार असायची, हे मला प्रथम मामांकडूनच समजले. घरातल्या लहान टेपवर मात्र ती नीट ऐकू येत नसे, आणि त्याचे कारण मला पुढे उमगले. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि हवेत त्या स्वराच्या एका लहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त भरते. तळहाताएवढ्या स्पीकरला तो मूळ स्वर नीट हलवताच येत नाही. त्याच्यासोबत आपोआप निर्माण होणारे वरचे उंच स्वर तेवढे उमटतात आणि त्यांवरून आपला मेंदू खालचा स्वर ताडतो. म्हणून मी मंडपात साऊंडवाल्या दादांच्या मोठ्या स्पीकरवर, कार्यक्रमाच्या आधी, त्या कॅसेट लावून घेऊ लागलो. दुपारच्या उन्हात रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये बसून ऐकलेल्या त्या गाण्यांनी मला जे शिकवले ते पुस्तकाने शिकवले नसते.

आमच्याकडे स्वरपट्टी कीबोर्डच्या भाषेतच, म्हणजे त्याच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकांनी, सांगितली जाते, त्यामुळे मलाही माझ्या चार तारा तशाच ओळखाव्या लागल्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत मोजत गेले तर त्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा येतात. आमच्या मुख्य गायकाची पट्टी काळी एक होती, आणि काळी एकच्या सातही शुद्ध स्वरांमध्ये या चारपैकी एकही मोकळी तार बसत नाही. इंग्रजी गाण्यांवर शिकलेले गिटारवादक मोकळ्या तारांचा भरपूर आधार घेतात. मला तो आधार पहिल्या दिवसापासून नव्हता. प्रत्येक स्वर दाबूनच काढायचा. पांढरी सहाच्या तारेवर चौथ्या पडद्याला षड्ज, त्याच्या अगदी शेजारी जाड तारेवर त्याच पडद्याला मंद्र पंचम, आणि पांढरी दोनच्या तारेवर सहाव्या पडद्याला वरचा पंचम, हा त्रिकोण माझ्या बोटांत इतका मुरला की आजही वाद्य हातात घेतले की डावा हात आधी तिथे जातो. एकदा हा त्रिकोण बसला की गायकाने ऐन वेळी “पट्टी अर्धी उतरवा” असे खुणावले तरी अडचण येत नाही, कारण मोकळी तार वापरलेलीच नसते आणि सगळी आकृती एक पडदा मागे सरकवली की काम होते.

खालचा स्वर म्हणजे नुसता आधार, अशी माझी समजूत काही महिन्यांतच बदलली. शेजारची गिटार सा, ग आणि प असे तीन स्वर एकत्र वाजवत असेल आणि मी खाली षड्ज धरला, तर ते मेजर कॉर्डचे मोकळे, उजळ रूप राहते; पण तिने काहीही न बदलता मी खाली मंद्र धैवत धरला, तर तेच तीन स्वर मायनर होऊन जातात आणि ओळीचा भाव पालटतो. गाणाऱ्याला आणि गिटारवाल्याला न विचारता त्यांच्या स्वरांचा अर्थ बदलण्याची ही ताकद बेसवादकाकडे असते. तिचा वापर कधी करायचा, हा विवेक यायला मात्र वर्षे लागतात. एका भावगीताच्या अंतऱ्यात मी असा धैवत ठेवला तेव्हा मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि पुढच्या कार्यक्रमापासून त्यांनी आपले व्हायोलिनचे तुकडे त्या धैवताला धरून बांधले. मला मिळालेली ती पहिली पावती.

जत्रांच्या दिवसांत आम्ही तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ या भागांत फिरायचो. जुन्या हिंदी गाण्यांनंतर लावणी आणि कोळीगीते व्हायचीच, आणि तिथे माझी खरी कसोटी लागे. ढोलकीचे डावे तोंड स्वतःच खालच्या स्वरात बोलते. ढोलकीवाला त्या तोंडावर हाताचा दाब देऊन स्वर वरखाली घुमवत असताना बेसनेही तीच जागा अडवली, तर दोघांचेही बोलणे कळत नाही. आमच्या ढोलकीवाल्या काकांनी मला एक साधा मार्ग दिला. समेवर मी त्यांच्याबरोबर यायचे, मग त्यांची उठाण सुरू झाली की गप्प राहायचे आणि कडाडून सम आली की पुन्हा तिथे हजर व्हायचे. रॉक संगीतात बेसवादक ड्रमच्या किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठोक्याला, चिकटून राहतो असे सगळीकडे शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण ढोलकीबरोबर वाजवताना मोकळी जागा सोडणे हेच चिकटून राहणे असते. लावणीत मी शिकलेली ही शांतता पुढे आमच्या बँडच्या गाण्यांमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडली, आणि महाराष्ट्रातल्या तरुण बेसवादकांनी निदान एक हंगाम तरी ढोलकीशेजारी उभे राहावे असे मला मनापासून वाटते.

मिरजेला तंतुवाद्यांची दुरुस्ती होते हे सांगलीकरांना माहीत असतेच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून तिथे सतार आणि तंबोरा बनवणारे कारागीर घडले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या बेसचा वरचा घाट, म्हणजे दांड्याच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी, झिजला, तेव्हा मी सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझे वाद्य उलटसुलट करून पाहिले, जाड तार छेडली आणि विचारले, “ही खर्जाची ना?” मग त्यांनी समोरच्या तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार छेडून दाखवली. तंबोऱ्यात पंचम, मधल्या जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज असा क्रम फिरत राहतो. मी जवळजवळ प्रत्येक गाण्यात जे सा आणि प वाजवत होतो, त्याच जोडीवर आपल्याकडची सगळी गायकी शतकानुशतके उभी आहे, हे त्या खोलीत मला फार जवळून दिसले.

चाचा घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, घासून जवारी, म्हणजे तारेची झंकार, काढत बसलेले असताना मी कितीतरी दुपारी नुसता पाहत बसलो आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासला आणि तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवला, की खर्जाच्या तारेतून वरचे स्वर झळकू लागतात आणि एकाच तारेत गंधार ऐकू येतो. “तार ओढून आवाज मोठा होत नाही, बाळ. घोडी बसली की तो आपोआप उघडतो,” असे ते म्हणायचे. याचा माझ्या वाद्यावर थेट परिणाम झाला. बेसच्या तारांवर बाहेरून गुंडाळलेली तार गोल असेल तर वरचे स्वर चमकतात. ती चपटी असेल तर आवाज मऊ आणि मिटलेला येतो. डेट्रॉइटमध्ये मोटाऊन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमरसन चपट्या तारा वापरत आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने सगळे काढत, आणि त्यांच्या हातून तो मिटलेला आवाजही गात असे. मी मात्र चाचांच्या खोलीतून आल्यावर गोल गुंडाळीच्या तारा निवडल्या, त्यांची उंची थोडी वाढवली आणि बोटांचा जोर कमी केला. तार पडद्यावर आपटेनाशी झाली आणि स्वर पूर्ण उमलू लागला.

आमचा स्वतःचा बँड उभा राहिला तो ऑर्केस्ट्रातल्याच तिघांचा आणि कॉलेजातल्या एका गायक मित्राचा. मराठीत स्वतःची गाणी करायची हे ठरले होते, पण ती कशासारखी वाजवायची हे ठरत नव्हते. त्या काळात आम्ही ‘इंडियन ओशन’ खूप ऐकत होतो. त्या बँडचे बेसवादक राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, परत येऊन नर्मदा बचाव आंदोलनात काम केले आणि १९९१ मध्ये ते बँडमध्ये आले. नर्मदेच्या खोऱ्यात ऐकलेले गाणे पुढे त्या बँडच्या मंचावर पोचले. आपल्या भागातली लय आणि शब्द घेऊन बेस गिटार वाजवता येते, याचे इतके ठळक उदाहरण समोर असताना आम्हाला परक्या नमुन्यांची गरज उरली नाही. आम्ही ओव्या आणि गोंधळाची संबळ घेऊन बसू लागलो. संबळेचा वेग बेसच्या जाड तारेला झेपणारा नसतो, म्हणून मी निम्म्या लयीत चालायचे आणि दर आवर्तनाच्या शेवटी तिच्याशी जुळायचे, अशी रचना आम्ही बसवली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत गेले. आमची तालमीची खोली नदीकडच्या वस्तीत तळमजल्यावर होती. आम्ही ॲम्प, ड्रम आणि माझी बेस माळ्यावर चढवून घरच्यांना घेऊन बाहेर पडलो होतो, पण पाणी माळ्यापर्यंत आले. ओसरल्यावर सगळ्या शहरात गाळ काढण्याचे काम चालू असताना वाद्याची चौकशी करायला संकोच वाटे, म्हणून आधी शेजाऱ्यांची घरे धुऊन काढली आणि मग खोली उघडली. ॲम्प गेले होते. बेसचा दांडा वाकला होता, पडदे वर आले होते आणि आतली लोखंडी सळई गंजून घट्ट बसली होती.

चाचांनी वाद्य उन्हात ठेवू दिले नाही. उन्हाने लाकडाचा बाहेरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच राहतो आणि दांडा तडकतो, असे सांगून त्यांनी ते सावलीत, वारा खेळेल अशा जागी, भोपळ्यांच्या शेजारी टांगून ठेवले. पावसाळा संपेपर्यंत ते तिथेच होते. मग त्यांनी तेल सोडून सळई हळूहळू मोकळी केली, दांडा शिकंज्यात धरून थोडा थोडा सरळ आणला आणि पडदे काढून पुन्हा बसवले. तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे, तांब्याच्या तारेची वेटोळी असलेले पिकअप वाचले नाहीत. ते आणि आवाज कमी-जास्त करणारी बटणे मी पुण्याहून आणून नवीन बसवली. चाचांनी मजुरी घेतली ती फक्त पडद्यांच्या तारेची.

त्याच वाद्यावर आमची पहिली गाणी ध्वनिमुद्रित झाली. स्टुडिओत बेस प्रथम ॲम्पशिवाय, थेट यंत्रात, घेतली गेली, आणि हेडफोनमध्ये क्लिकच्या ठोक्याबरोबर एकट्याने वाजवताना मला पहिल्या दिवशी गाणे सापडेना. क्लिक बरोबर असते, पण ती श्वास घेत नाही. शेवटी ध्वनिमुद्रकांनी आमच्या संबळवाल्या मित्राला काचेपलीकडे उभे केले, त्याची संबळ माझ्या कानांत सोडली आणि क्लिक अगदी बारीक केली. त्यानंतर मी त्याच्या हातांकडे पाहत वाजवले आणि बेसचे काम त्याच संध्याकाळी पूर्ण झाले. ती गाणी ऐकून पुण्यातल्या दोन गायकांनी मला त्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी बोलावले. ऑर्केस्ट्राबाहेर बेसवादक म्हणून मिळालेले ते माझे पहिले काम.

आता आमच्या नव्या गाण्यांपैकी बरीच पुन्हा काळी एकची आहेत, कारण गायकाचा गळा तिथेच सर्वांत मोकळा होतो. चार तारांच्या बेसवर त्या पट्टीचा षड्ज मला सेकंदाला ६९ कंपनांपर्यंतच खाली नेता येतो. त्याच्या खालचा खर्ज, म्हणजे साधारण ३५ कंपनांचा, या वाद्यात नाही. त्यासाठी पाच तारांची बेस लागते, जिची सर्वांत जाड तार ३१ कंपनांपर्यंत उतरते. ती मी या वर्षी घेतली आहे. जाड तारेमुळे उजव्या हाताचे अंतर बदलले आहे, पाचवी तार गप्प ठेवण्यासाठी अंगठा सतत तिच्यावर टेकवावा लागतो, आणि तो खर्ज कोणत्या ओळीत खरोखर हवा आहे हे ठरवण्यासाठी आम्ही सध्या प्रत्येक गाणे दोन्ही वाद्यांवर वाजवून ऐकत आहोत.